गाडेकर सरांचा आंबा

हिरवी ट्यूब दिसली की गाडेकर सर ती उचलून सरळ स्वतःच्या खिशात घालायचे. विचारणं नाही, सांगणं नाही. चित्रकलेच्या शिकवणीच्या पहिल्या रविवारी मी संगमनेरच्या दुकानातून मोठ्या हौसेनं तैलरंगांचा नवा डबा घेऊन गेले होते. त्यांनी तो उघडला, चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही हिरवे रंग काढले आणि म्हणाले, "हे दुकानदाराचे. झाडाचे न्हाईत." मी चाळिशी ओलांडलेली बाई, दूध संघाच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांवर डाफरणारी, आणि हा म्हातारा माझ्यादेखत माझे रंग खिशात घालतोय! मी म्हटलं, "सर, मग झाड रंगवायचं कशानं?" "डोळ्यांनी," ते म्हणाले, आणि चहा प्यायला आत निघून गेले.

खरं सांगते, मी स्कूटीची किल्ली हातात घेतली होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली, घर खायला उठलं, डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी लावली आणि नवरा म्हणाला, काहीतरी छंद लावून घे बाई, आमचं तरी डोकं खाऊ नकोस. म्हणून मी आले होते. अपमान करून घ्यायला नव्हते आले. पण तोंडातली शिवी तोंडात ठेवून बसले, कारण सर बाहेर येऊन काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, "पिवळा घे, त्यात जरासा काळा टाक. आता बघ काय होतंय." मी टाकला. पिवळ्यात काळा मिसळला आणि पॅलेटवर जुन्या पानाचा, धूळ बसलेला, आमच्या नगर जिल्ह्यातल्या झाडांना असतो तो खराखुरा हिरवा तयार झाला. मी बघतच राहिले. "आता जा घरी," सर म्हणाले. "आज येवढंच."

सर आयुष्यभर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. प्रवरेच्या अलीकडे, नाशिक-पुणे रस्त्यापासून आत, त्यांचं पत्र्याच्या पडवीचं घर होतं. पुढं ओटा, ओट्यापुढं त्यांचंच वावर आणि वावराच्या बांधावर एक रायवळ आंबा. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशाला रंगाचे इतके डाग की मूळ कापड कुठलं ते कळायचं नाही. वर्गात बोलावं तसं शुद्ध बोलायला सुरुवात करायचे आणि झाडाचा विषय निघाला की गावच्या बोलीवर घसरायचे. त्यामुळे मला ते नेहमी गावच्या बोलीतलेच आठवतात.

त्यांच्या हातून अर्ध्या तालुक्यानं ड्रॉइंगचे तास भोगले होते. पण अर्ध्या तालुक्याच्या डोक्यातून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी आणि काठावर नारळाचं झाड काही त्यांना काढून टाकता आलं नाही. ह्याचा त्यांना मनापासून राग. मीही एकदा नकळत, हात शिवशिवला म्हणून, नदीकाठी नारळ काढला. सर मागून आले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "प्रवरेच्या काठाला नारळ कुठं बघितलास, तेवढं ठिकाण सांग. मी आत्ता गाडी काढतो." मी रंगाची सुरी घेऊन नारळ खरवडला.

आणि झाडातली पाखरं! मी पानांचा भरगच्च घुमट रंगवला की ते माझ्या ओल्या रंगात सरळ बोट खुपसायचे. "हे काय केलंस? कोबी? ह्यात पाखरू शिरलं तर गुदमरून मरंल. त्याला जायला वाट ठेव." झाडाच्या पानांमधून आभाळ दिसतं, त्या फटी आधी बघायच्या, पानं नंतर. डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे पानं दिसेनाशी होतात आणि उजेड कुठं पडलाय, अंधार कुठं बसलाय तेवढंच उरतं. पहिले कित्येक रविवार मी दुसरं काही केलं नाही. डोळे बारीक करून बाभळीकडं बघत बसायचे. येणारे-जाणारे मला काय समजत असतील देव जाणे.

तैलरंगाचा मुख्य नियम मात्र त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावला. खालचा थर पातळ ठेवायचा, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचं आधी वाळतं, खालचं मागून आकसतं आणि चित्र तडकतं. मला ते काही केल्या उमगेना. सर म्हणाले, "दूधवाली ना गं तू? साय कुठं असती, वर का खाली?" म्हटलं, वर. "मग चित्रातबी साय वर." त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी दूधवालीच. माझं नाव अलका आहे, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

सावलीचंही असंच. सावलीत काळा घातलेला त्यांना खपायचा नाही. "सावलीला रंग असतो. जांभळी असती, निळी असती, मातीची ऊब असती तिच्यात. काळं म्हंजी भोक. जमिनीला भोक पाडू नको." असं सांगणारा हा माणूस एका झाडाच्या सावलीपाशी मात्र येऊन अडायचा, आणि ते मी हळूहळू बघत गेले.

ते झाड म्हणजे बांधावरचा आंबा. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एका बाजूनं काळाठिक्कर, नुसत्या वाळक्या फांद्या, आणि दुसरी बाजू हिरवीगार, मोहोर आला की पिवळट. कुणालाही आधी तेच झाड दिसायचं आणि तेच काढावंसं वाटायचं. पण सर कुठल्याच विद्यार्थ्याला ते काढू द्यायचे नाहीत. "तिकडं बघायचं न्हाई. तू बाभूळ काढ." ते झाड त्यांचं एकट्याचं. ओट्याच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा ईझल उभा असायचा, त्यावर तो आंबा. सकाळी रंगवायचे, दुपार कलली की सुरी घेऊन खरवडून काढायचे. खरवडून खरवडून कॅनव्हासवर आंब्याचं भूत तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या भुतावर पुन्हा नवा आंबा.

त्याची गोष्ट मला काकूंनी सांगितली. सुशीलाकाकू, सरांच्या मंडळी. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्या रविवारी ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. आत भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो, त्याला सुकलेला हार. मी बघते आहे हे त्यांना दिसलं.

"आमचा नितीन," त्या म्हणाल्या. "सुप्याला कंपनीत हुता. सुट्टीचा आल्ता. परतीचा पाऊस लागला, ईज कडाडाया लागली. त्या आंब्याखाली म्हैस बांधलेली. ती सोडाया गेल्ता. म्हैस सुटली, त्यो न्हाई आला."

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"आन झाड जगलं. दुसऱ्या वर्साला पालवी फुटली त्याला. तूच सांग अलका, लाज वाटाया पायजे का नको झाडाला?"

सर तीन हातांवर बसले होते. काकू म्हैस म्हणाल्या तेव्हा त्यांचा हात थांबला आणि मग ते उठून आत गेले. नंतर माझ्या लक्षात आलं, काकू ही हकिगत नव्या माणसाला सांगायच्याच, सर ऐकू येईल इतक्या जवळ असतानाच सांगायच्या, आणि सर दर वेळी उठून जायचे. मला वाटलं, बापाला ऐकवत नसेल. कुणालाही तेच वाटलं असतं.

त्या आंब्याला दर वर्षी फळ धरायचं. पण त्या घरात कुणी त्याची कैरी तोडली नाही, लोणचं घातलं नाही, पिकलेला आंबा तोंडाला लावला नाही. खाली सडा पडायचा, सडायचा, माशा घोंघावायच्या. गावातली पोरंसुद्धा तिकडं फिरकत नसत. वीज पडलेलं झाड दारासमोर ठेवू नये असं आमच्याकडं म्हणतात, आणि इथं तर पोटचा पोर गेलेला. वर्षश्राद्ध झाल्यावर काकूंनी झाड तोडायचा विषय काढला. सर म्हणाले, "एकदा त्याचं चित्र होऊ दे माझ्या हातून. मग तोड." काकू तयार झाल्या. एका चित्राला असा किती वेळ लागणार? पण त्या करारालाच कित्येक वर्षं होऊन गेली होती. रोज दुपारी चहाचा कप ठेवताना काकू विचारायच्या, "झालं का?" आणि सर सुरी उचलत म्हणायचे, "न्हाई. सावली जमंना." मी जात होते तेवढ्या सगळ्या रविवारी हा संवाद ऐकला. आवाज कुणाचाच चढायचा नाही. त्यामुळे अंगावर जास्त काटा यायचा.

एकदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. काकूंचे भाऊ, कोपरगावचे मामा, सकाळीच टेम्पो घेऊन आले. सोबत झाडं तोडणारा माणूस, मशीनची करवत, दोरखंड. बहिणीच्या जिवाला रोज लागणारा तो काटा एकदाचा काढून टाकायचा, असं ठरवूनच आले होते. सरांनी काय करावं? ईझल उचलला, वावरातून तरातरा चालत गेले आणि आंब्याच्या बुंध्याला टेकवून स्वतः त्याच्यापुढं उभे राहिले.

"चित्र वलं हाय अजून."

मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो दाजी, चित्र वलं हाय म्हनून झाड तोडायचं न्हाई, ह्यो कुठला कायदा काढला तुमी?"

"वाळू दे. मग तोडा."

"गेल्या दिवाळीलाबी वलंच हुतं की!"

करवतवाला हसला आणि मग हसल्याचं वाईट वाटून दुसरीकडं बघायला लागला. सगळे ओट्याकडं वळले. काकू पदर खोचून उभ्या होत्या. आता ही बाई काय म्हणते? त्यांनी सरांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, च्या घ्या आन जावा. त्यांचं हुईस्तोवर थांबू." मग नवऱ्याला म्हणाल्या, "पर होऊ द्या एकदाचं. मी काय लई मागत न्हाई." मामा रागारागानं चहा न घेता गेले. टेम्पो वळवताना सरांच्या तुळशीचं वृंदावनच ठोकणार होते.

त्या वेळी मला काकूंची दया आली होती आणि सरांचा संताप. एका चित्रापायी बायकोला मुलाच्या मरणाची जागा रोज बघायला लावतो, हा कसला कलावंत? मी मनात असं बरंच काही म्हटलं. तोंडावरही म्हणणार होते. पण तशी वेळ आली ती वेगळ्याच वाटेनं.

वैशाखातला रविवार होता. बाकीचे विद्यार्थी लग्नसराईत पांगलेले, मी एकटीच. काकू शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. मी माझा कॅनव्हास वावरात उभा करून बाभळीचं चित्र करत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते जमल्यासारखं वाटत होतं. पाखरांना वाट होती, कोबी नव्हता. तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, वारा सुटला. सरांनी हाक मारली, "पळ, पळ, आत ये!" मी रंगपेटी घेऊन ओट्यावर पळाले. चित्र तिकडंच राहिलं. लांब गडगडलं. पहिले थेंब पत्र्यावर तडतडले.

"अगं बाई, माझं चित्र!" असं म्हणत मी ओट्यावरून उतरलेसुद्धा.

सरांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे असं की हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. "ऱ्हाऊ दे!" ते किंचाळले. "मरू दे ते चित्र! बस हितं!" त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. तोंड पांढरं पडलेलं. मी घाबरून खाली बसले. पाऊस कोसळायला लागला. माझा ईझल वाऱ्यानं आडवा झाला. वीज चमकली की सर डोळे मिटायचे.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, पावसाकडं बघत.

"मीच म्हटलं त्याला. हितंच बसलो हुतो आमी बापलेक, च्या पीत. माझं चित्र त्या आंब्याखाली ऱ्हायलं हुतं. डोंगर आन मोठं आभाळ. आभाळ नुकतंच रंगवलेलं. पाऊस आला, आन मी म्हटलं, नितीन, चित्र आन रे. येवढंच. त्यानं कप ठेवला आन पळाला."

मी म्हटलं, "पण काकू तर म्हैस..."

"म्हशीचं मी सांगितलं. म्हैस हुतीच तिथं बांधलेली. तैलरंगाला पान्यानं काय हुतं गं? तूच सांग. काय हुत न्हाई. तेल हाय ते, थेंब वरच्यावर ऱ्हातात. जन्मभर पोरांना मीच शिकवलं. उद्या बघ तुझं चित्र, जसंच्या तसं असंल. मला ठावं हुतं. तरी तोंडातून गेलं."

मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"मी पळत गेलो. त्यो पडलेला. चित्र त्याच्या अंगाखाली. मी हाक न्हाई मारली कुनाला. आधी चित्र वढून काढलं, गोठ्यामागं कडब्यात खुपसलं, आन मग वरडलो. बाप हाय मी. पोरगं पडलंय आन मी आधी चित्र लपवलं."

पत्र्यावरच्या आवाजात त्यांचं शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. मी रडत होते. ते रडत नव्हते. मी म्हटलं, "सर, काकूंना सांगून टाका. आजच सांगा. त्या झाडाला बिचाऱ्या उगाच..."

"तेच तर," सर म्हणाले. "झाड हाय तवर ती झाडाला शिव्या देती. झाड पडलं की बोट दावाया मीच ऱ्हातो. सांगनार हाय मी. चित्र झालं की त्याच दिशी सांगनार. झाडबी तोडू आन सांगू. पर सावली हुत न्हाई माझ्याच्यानं. तिथं जमिनीवर काय रंग लावू?"

पाऊस उघडल्यावर मी चित्र उचललं. चिखलात पालथं पडलं नव्हतं, नशीब. हलकेच थेंब झटकले, तर खाली बाभूळ होती तशी. एक ओरखडा नाही. मी ते तसंच उचलून घरी आणलं आणि पुढं कधी हात लावला नाही.

त्यानंतर रविवारी तिथं जाणं जड झालं. काकू चहा घेऊन आल्या की माझी मान खाली. "झालं का?" म्हणाल्या की मी ब्रश धुवायला उठायचे. सर माझ्याकडं चोरून बघायचे. मी एकदा दोनदा खुणेनं म्हटलं, सांगा. ते मान हलवायचे, सांगतो. आणि पुन्हा सुरी. माणूस वाळत चालला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं, जिना चढू नका, दगदग करू नका. सर म्हणाले, माझ्या घराला जिनाच न्हाई. विनोद केला आणि स्वतःच दम लागून खाली बसले.

आता ते ब्रश कमी आणि बोटं जास्त वापरायला लागले होते. ब्रश थरथरायचा. दोन्ही हात मनगटापर्यंत रंगात. पण आंबा काय उतरला होता सांगू! जळकी बाजू, जिवंत बाजू, फटीफटीतून आभाळ. मला वाटायचं, आता पुरे, आता हात लावू नका. फक्त झाडाखालची जमीन कोरी. तिथं रंग लागायचा आणि संध्याकाळच्या आत निघायचा.

थंडीच्या सुरुवातीला एकदा काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "झालं का?"

"न्हाई. सावली."

काकू गेल्या नाहीत. कप हातात धरून उभ्या राहिल्या. "ऱ्हाऊ द्या सावली," त्या म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "हाय तसं दावा मला. मी काय बोलनार न्हाई."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी म्हटलं, आता. सर, आत्ता. त्यांचं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. मग त्यांनी कॅनव्हास भिंतीकडं वळवून ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात." काकूंनी कप ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या. त्या दिवशी मी सरांशी न बोलता निघाले. इतका राग आला होता की वाटेत स्कूटी थांबवून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

पुढचा आठवडा आला नाही. गुरुवारी सकाळी लॅबमध्ये फोन आला. काकूंचा. "सर गेले. ये."

मी पोचले तेव्हा पडवीत माणसं जमली होती. कोपरगावचे मामा आले होते, पाणी तापत होतं. पहाटे उठून ओट्यावर चित्रापुढं जाऊन बसले आणि बसल्या जागी गेले, असं कुणीतरी सांगितलं. ईझलवर आंबा तसाच. खालची जमीन खरवडलेली, कोरी.

अंगणात सरणाच्या लाकडाचा विषय निघाला. मामा पुढं आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, त्यो आंबाच घेऊ. जळकी बाजू वाळलेलीच हाय. तुझ्याबी मनासारखं हुईल आन त्यांनाबी आंब्याचं लाकूड लागंल." मला वाटलं, झालं, सुटली बाई एकदाची.

काकू म्हणाल्या, "झाडाला हात लावायचा न्हाई."

"अगं, पर तूच इतकी वर्सं..."

"त्याचं काय चुकलंय? दुसरीकडून आना."

मामा गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. मीही गोंधळले होते. काकू आत वळल्या आणि मला म्हणाल्या, "अलका, तू ये. आन ते रंग काढायचं असतं ना बाटलीत, ते आन. फडकं आन."

मी ओट्यावरून टर्पेंटाइनची बाटली आणि एक जुनं फडकं नेलं. सरांना चटईवर निजवलं होतं. दोन्ही हातांवर आदल्या दिवसाचा रंग. काकू शेजारी मांडी घालून बसल्या, फडकं भिजवलं आणि एकेक बोट पुसायला लागल्या. अंगठा, मग दुसरं, मग तिसरं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, आंघोळ घालताना निघेल ते, उशीर होतोय.

"पान्यानं न्हाई निघत," काकू म्हणाल्या. त्यांना नाही, मला. "नितीनचे हात म्या धुतले हुते. दवाखान्याची गाडी यायच्या आधी. दोनी तळव्याला निळा रंग, आभाळावानी. साबन लावला, राखेनं घासलं, कातडी निघाया आली, रंग न्हाई निघाला. तसाच दिला मी त्याला. तवा ठावं नव्हतं ह्याला हे लागतं म्हनून."

मी बाटली खाली ठेवली. "काकू, म्हणजे तुम्हाला..."

"म्हशीला कुठं निळा रंग असतो, बाई?"

"मग बोलला का नाहीत कधी? एकदा तरी..."

काकूंनी दुसरा हात मांडीवर घेतला. "मी बोलून काय? त्यांनी सांगायचं हुतं. माझ्या लेकाचं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं हुतं. झाड कशाला तोडू मी? तोडायचं म्हटलं की सांगतील, असं वाटायचं. मी नुस्तं इचारत हुते, झालं का." त्यांनी करंगळी पुसून घेतली. "रोज इचारत हुते."

बाहेर मामांनी पुन्हा हाक मारली. काकूंनी "थांबा म्हनावं" एवढंच म्हटलं आणि फडक्याची कोरी बाजू काढली. मी टर्पेंटाइन ओतत राहिले, त्या पुसत राहिल्या. तळवे स्वच्छ झाले. सरांचे हात इतके गोरे होते हे मला तोवर माहीत नव्हतं. नखांच्या कडेला थोडा रंग राहिलाच. काकूंनी पदराच्या टोकानं तोही काढून बघितला, मग दोन्ही हात सरांच्या छातीवर ठेवले आणि बाहेरच्या माणसांना म्हणाल्या, "या आता."